माती धरून

हे आधी जिनिंगचं गोदाम होतं,
भिंतीच्या फटीत अजून सरकी सापडते.
टेबल मी हैदराबादहून आणलं, एकोणनव्वद साली,
स्लेटच्या पाच फरशा बारदानात गुंडाळून.
टेबलाबरोबर मोइनोद्दीन मार्कर आला.
वसमतच्या अडत्याच्या नखांत हळद
तसा त्याच्या नखांत निळा खडू,
ईदलासुद्धा निघत नाही.

आम्रपाली खिल्लारे यंदा आली, मार्चमध्ये.
नांदेडला शिकलेली, बोलते कमी, शिडी स्वतः धरते.
छताच्या कैचीला तिनं कॅमेरा टांगला,
शेजारी प्रोजेक्टर,
आणि हिरव्या कापडावर
पांढऱ्या चेंडूपासून लालपर्यंत एक रेघ उमटली,
लालपासून पॉकेटपर्यंत दुसरी.
परभणीत असलं काही!
पोरं आधी चपला काढून उभी राहिली.

मग मात्र तुटून पडली.
टायरवाल्याच्या साडूनं,
ज्याच्या हातून सात वर्षांत कापडच फाटलं होतं,
सलग चार लाल पाडले.
"काका, तासाला दीडशे करा," आम्रपाली म्हणाली.
केले.

मोइनोद्दीननं नेम धरला
तेव्हा रेघ त्याच्या हाताच्या पाठीवर चढली.
त्यानं झटकली, माशी झटकावी तशी.
ती पुन्हा बसली.

मे महिन्यात रेघ खोटी पडायला लागली.
रेघ सरळ,
चेंडू शेवटच्या वितीत खिडकीकडे ओढ घ्यायचा.
तिनं मोबाइलएवढी पाणसळ ठेवली, पायांखाली पत्रे सरकवले,
टेबल असं केलं की वर पाणी ओतलं असतं तर
विचार करत राहिलं असतं.
त्या संध्याकाळी मोइनोद्दीनचा काळा हुकला.
पस्तीस वर्षांत
ह्या कोपऱ्यातून, ह्या अंतरावरून
मी तो हुकलेला पाहिला नव्हता.
तो काही बोलला नाही. कापडावर ब्रश फिरवत राहिला,
आधीच फिरवलेल्या जागी.

श्रावणात रेघ परत खोटी. आता उलट्या बाजूला.
आम्रपाली तीन रात्री लॅपटॉपशी भांडली,
डबा तसाच परत नेला.
चौथ्या रात्री तो म्हणाला,
"बाई, तुमच्या मशिनीत काही नाही. खाली काळी आहे.
उन्हाळ्यात सुकती, उगवतीचे दोन पाय बसतात.
पाणी प्याली की फुगती, उचलून धरती.
मी आखाडात केसभर अलीकडं मारतो, पोळ्याला दोन केस."
"केस म्हणजे किती मिलिमीटर?"
त्यानं दाढीतला एक उपटून दिला.
मेंदीचा.
तिनं तो खरंच मोजला, स्क्रूगेजमध्ये धरून,
आणि वहीत लिहिला.

आता पडद्यावर एक नवा चौकोन आहे: माती.
त्यात ती रोज आकडा भरते,
महिना, पाऊस, आणि मोइनोद्दीनला विचारून
आज किती केस.
रेघ आता सरळ नसते. शेवटाला जराशी कलते,
कुणी हाक मारल्यावर मान वळावी एवढीच.
साडू म्हणतो, मशीन बिघडली.
आम्ही त्याला सांगत नाही.

परवा रात्री ती रेघ पाहून
मोइनोद्दीन बराच वेळ वाकून राहिला.
"अजून थोडी कमी," म्हणाला, आणि मारला.
चेंडू सुटला अन् लाइट गेली.
इन्व्हर्टरवर फक्त पंखा.
अंधारात चेंडू चालत होता,
चालत होता,
मग टप्प असं काहीतरी वाजलं.
पॉकेट, मी म्हणालो. कुशन, आम्रपाली म्हणाली.
"कॅमेऱ्यात बघू सकाळी," असं मी म्हणून बसलो,
मग आठवलं, तोही आमच्यासारखाच अंधारात.

मोइनोद्दीनला विचारलं.
उत्तर नाही.
टेबलाच्या पलीकडून नुसता
काठीच्या टोकावर खडू घासल्याचा आवाज.